इंजिनाची बैठक : कडक माउंटिंग कीं डँपर?



हिंगोलीच्या एका तरुण स्नेह्याचें पत्र मध्यंतरीं मला आलें. त्यानें लहान चणीची, पण चार सिलिंडरांच्या दमदार टर्बो-इंजिनाची मोटार घेतली आहे. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडला कीं इंजिन एका अंगाला कलतें, पाय उचलला कीं उलट झोला खातें, गिअरची दांडी हातांत डोलते आणि जोरानें निघतांना पुढचीं चाकें थडथडतात. गॅरेजवाल्यानें दोन उपाय सुचविले : इंजिनाखालचीं रबरी माउंटिंगें काढून पॉलियुरेथेनचीं कडक माउंटिंगें बसवावीं, किंवा इंजिनाचा माथा आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्यें एक डँपर लावावा. पैसे दोहोंपैकीं एकालाच पुरणारे. पत्राच्या शेवटीं त्यानें पुस्ती जोडली होती : 'याच गाडींतून दर महिन्याला वडिलांना नांदेडला डॉक्टरांकडे न्यावें लागतें.' मला वाटतें, त्याच्या प्रश्नाचें निम्मे उत्तर या पुस्तींतच आहे.

प्रथम इंजिन कलतें कां, तें पाहूं. इंजिन चाकांना एका दिशेनें पिळतें, तेव्हां तेवढाच पीळ त्याला स्वतःला उलट दिशेनें सोसावा लागतो. समजा, इंजिनाचा पीळ २०० न्यूटन-मीटर आहे आणि पहिल्या गिअरमध्यें तो एकंदर १४ पट होतो. चाकांकडे २,८०० न्यूटन-मीटर गेले. इंजिन आडवें असलेल्या, पुढचीं चाकें ओढणाऱ्या गाडींत हा सारा उलट पीळ माउंटिंगांवर येतो. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला सुमारें २८५ किलोग्रॅमचें ओझें टांगावें, तितका हा जोर असतो. रबर दबणारच.

मग रबर ठेवलेंच कशाला? १९३१ सालीं अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीनें आपल्या प्लिमथ गाडींत इंजिन रबरावर तोलून धरण्याची योजना 'फ्लोटिंग पॉवर' या नांवानें आणली, व फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीनें तिचे हक्क घेतले. त्याकाळच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाचा थरकांप प्रवाशांच्या अंगापर्यंत पोंचूं नये, हा तिचा हेतु होता. आजचें माउंटिंग त्याच कल्पनेचें अपत्य आहे.

या कल्पनेचें मर्म घरच्या घरीं पाहतां येतें. एक कुलूप रबरी दोरीला बांधून हातांत धरा. हात सावकाश खालींवर करा. कुलूप हाताबरोबर खालींवर होईल. आतां हात कुलपाच्या स्वतःच्या लयींत हलवा. झोपाळ्याला वेळेवर झोका मिळाल्याप्रमाणें कुलूप हातापेक्षां कितीतरी अधिक उसळेल. यालाच अनुनाद म्हणतात. शेवटीं हात फार जलद हलवा. कुलूप जवळजवळ स्थिर राहील. आतां दोरीच्या जागीं काठी घ्या. काठीला बांधलेलें कुलूप हाताची प्रत्येक थरथर जशीच्या तशी घेईल. रबर म्हणजे दोरी आणि कडक माउंटिंग म्हणजे काठीकडे टाकलेलें पाऊल.

आंकडे घेऊन पाहूं. उभ्या गाडींत इंजिन मिनिटाला ७५० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरांत दर फेऱ्यास दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला २५ धक्के होतात. रबरावरील इंजिनाची स्वाभाविक लय सेकंदाला १२ हेलकाव्यांची धरली, तर प्रत्येक धक्क्याचा सुमारें ३० टक्केच भाग सांगाड्यांत उतरतो. तिप्पट कडक माउंटिंगें बसविलीं कीं लय सुमारें २१ वर जाते. २५ च्या ती इतकी जवळ येते कीं धक्का कमी होण्याऐवजीं दुपटीहून अधिक होऊन आंत येतो. हा हिशेब शमन मुळींच नाहीं असें धरून केला आहे. प्रत्यक्षांत तो कांहींसा सौम्य होईल, पण त्याची दिशा बदलणार नाहीं. सिग्नलपाशीं उभ्या असलेल्या अशा गाडींत आरसा थरथरतो, डॅशबोर्ड खुळखुळतो आणि मागें बसलेल्या वृद्ध माणसाची पाठ तें सारें मोजीत असते.

आतां डँपरकडे वळूं. रंगपंचमीची पिचकारी सर्वांनीं हाताळलेली आहे. दट्ट्या सावकाश लोटला तर मुकाट्यानें सरतो. झटक्यानें लोटला तर अडून बसतो. डँपरांत पाण्याच्या जागीं तेल असतें, एवढेंच. माउंटिंग इंजिन किती सरकलें याला विरोध करतें. डँपर तें किती वेगानें सरकतें याला विरोध करतो. दोहोंतील निवड या एका वाक्यावर उभी आहे.

लांब चढावर पाय दाबून धरला आणि इंजिन कललेलेंच राहिलें, तर डँपरचा कांहीं उपयोग नाहीं. तो थोडा वेळ अडवील आणि मग वाट देईल. तेथें माउंटिंगच हवें. उलट, पाय दाबतां-सोडतां इंजिन झोले खात असेल आणि त्या झोल्यांच्या नादानें चाकें थडथडत असतील, तर झोल्याची शक्ति तेलांत जिरवून तिची उष्णता करणारा डँपर हाच खरा उपाय होय.

मात्र डँपरही फुकट मिळत नाहीं. स्वाभाविक लयीच्या सुमारें १.४ पटीपर्यंतच्या हालचालींत शमन उपकारक ठरतें. त्यापुढील जलद कंपनांत तेंच अपकारक होतें, कारण भराभर हलणाऱ्या पिचकारीचा दट्ट्या काठीसारखाच वागूं लागतो. रबरानें अडविलेली थरथर मग डँपरच्या पुलावरून सांगाड्यांत येते. हा दोष सर्व माउंटिंगें कडक केल्यानें येणाऱ्या थरथरीपेक्षां बहुधा सौम्य असतो, पण असतो. शिवाय डँपरचें दुसरें टोक पातळ पत्र्याला अडकविलें, तर तो पत्रा कालांतरानें तडकतो.

याच प्रश्नाचें भव्य रूप माझ्या स्नेह्याच्या जिल्ह्यांतच उभें राहत आहे. औंढा नागनाथ हें ज्योतिर्लिंगाचें क्षेत्र. त्याच तालुक्यांतील दुधाळा या गांवाजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा व्हावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानें तिला २०१६ च्या फेब्रुवारींत तत्त्वतः संमति दिली, व २०२३ च्या एप्रिलमध्यें २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. काटकोनांत मांडलेल्या, प्रत्येकीं ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांच्या टोकांना आरसे आणि त्या आरशांतील अंतर लेसरच्या किरणानें मोजणें, ही तिची रचना. मोजावयाचा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाहूनही लहान! आणि जमीन तर कधींच स्वस्थ नसते. मालमोटार जाते, वारा सुटतो, दूरच्या समुद्राच्या लाटाही तिला हलवीत राहतात. अमेरिकेंतील लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळेला भोंवतालच्या जंगलांतील वृक्षतोडीचाही उपद्रव झाला, आणि तेथें जमिनीच्या हालचालीला तोड देणारी विशेष यंत्रणा बसवावी लागली.

मोटारींत इंजिन हलतें व माणसें शांत ठेवावयाचीं असतात. येथें जमीन हलते व आरसा शांत ठेवावयाचा असतो. नियम एकच. म्हणून तेथें सुमारें ४० किलोग्रॅमचा आरसा कशालाही घट्ट आवळीत नाहींत. ज्या मंचावर त्याचा डोलारा असतो तो मंच जमिनीचें हलणें ओळखून उलट सरकविला जातो. त्या मंचाला एकाखालीं एक असे चार लंबक टांगतात आणि सर्वांत खालीं, सुमारें ०.४ मिलिमीटर जाडीच्या कांचतंतूंवर, आरसा लोंबत असतो. लंबकांचे स्वतःचे सावकाश हेलकावे मात्र आवरावेच लागतात. तें शमन कोठें करतात, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. तें मुख्यतः सर्वांत वरच्या लंबकापाशीं होतें, आरशापाशीं नव्हे. कारण आवरणाऱ्या यंत्रणेचीही स्वतःची बारीक कुरकूर असते, आणि ती आरशापर्यंत पोंचण्यापूर्वीं खालच्या तीन टप्प्यांत गाळली जाते. एवढ्या खर्चाच्या यंत्रांतही नरम आधार आणि शमन हीं एकमेकांचीं प्रतिस्पर्धी नाहींत. प्रत्येकाचें काम वेगळें आहे व जागाही वेगळी आहे.

आतां माझ्या स्नेह्याला मीं काय कळविलें तें सांगतों. पहिली गोष्ट, कांहींही विकत घेण्यापूर्वीं जुनीं माउंटिंगें तपासून घे. रबराला चीर गेली असेल, किंवा आंत द्रव असलेल्या माउंटिंगांतून गळती होत असेल, तर कारखान्याच्या मूळ जातीचें नवें माउंटिंग बसवितांच पुष्कळदां निम्मी तक्रार मिटते. दुसरी गोष्ट, बहुतेक आडव्या इंजिनांना खालच्या बाजूस एक टॉर्क रॉड असतो. तो इंजिनाचें वजन पेलीत नाहीं, कलणें तेवढें अडवितो. एवढ्या एकाच जागचा रबरी बुश माफक कडक केला, तर बाकीचीं माउंटिंगें नरम राहून इंजिन बरेंच ताब्यांत येतें. इतकें करूनही पाय दाबतां-सोडतां झोले उरले, तर तुझ्या गाडीला डँपरच योग्य. मात्र तो भक्कम जागीं बांध. सर्व माउंटिंगें कडक करणें हें शर्यतीच्या गाडीचें काम आहे. तेथें चालक एकटा असतो, धांव तासा-दोन तासांची असते आणि हातापायांना इंजिनाची नस अचूक कळणें हें त्याला सुखापेक्षां मोलाचें वाटतें.

कोणतें साधन अधिक चांगलें, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. काय हलतें आहे, कोणत्या लयींत हलतें आहे आणि कोणाला शांत ठेवावयाचें आहे, हे तीन प्रश्न आधीं विचारले कीं उत्तर बहुधा आपोआप हातीं येतें. दुधाळ्याला शांत ठेवावयाचा आहे तो आरसा. हिंगोलीहून नांदेडला जाणाऱ्या त्या मोटारींत शांत ठेवावयाचे आहेत ते मागच्या बैठकीवरचे वडील.