डिझेल पिकअपच्या खांबावरचे काटे

कोलोरॅडोतून पूर्व-पश्चिम जाणारा आय-७० महामार्ग रॉकी पर्वत ओलांडताना आयझेनहॉवर बोगद्यात शिरतो. बोगदा समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांहून उंच आहे. पश्चिमेकडून, सिल्व्हरथॉर्न गावाहून, त्याच्याकडे चढणारा रस्ता सुमारे ७ टक्के चढाचा. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण दोन-तृतीयांश उरतो. मागे पाच-सहा टनांचा ट्रेलर जोडलेली डिझेल पिकअप हा चढ चढत असते, तेव्हा तिच्या इंजिनात काय चाललं आहे हे चालकाला कळायला हवं. कारखान्यातून आलेला डॅशबोर्ड ते सांगत नाही. म्हणून अमेरिकेतल्या ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपमध्ये पुढच्या काचेलगतच्या खांबावर, म्हणजे ए-पिलरवर, एकाखाली एक बसवलेले दोन-तीन गोल मीटर दिसतात. मालकानं ते स्वतः विकत आणून बसवलेले असतात.

डॅशबोर्डवरचा मूळ काटा काय दाखवतो ते आधी पाहू. ७.३ आणि ६.० लिटरच्या पॉवर स्ट्रोक इंजिनांच्या फोर्ड पिकअपमध्ये तेलाच्या दाबाचा काटा खरं तर दाब मोजतच नाही. इंजिनावर एक साधा स्विच असतो. दाब सहा-सात पीएसआयच्या (दर चौरस इंचावर पौंड) वर गेला की स्विच जोडला जातो आणि काटा मधोमध येऊन उभा राहतो. दाब १५ असो की ६०, काटा तिथंच. पाण्याच्या तापमानाचा काटाही बहुतेक आधुनिक गाड्यांत मुद्दाम मंद केलेला असतो. तापमान बऱ्याच मोठ्या पट्ट्यात वर-खाली झालं तरी तो मध्यावरून हलत नाही आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. हलणारा काटा पाहून ग्राहक धास्तावतो, हे मला समजतं. पण ज्याला वर्षभर वजन ओढायचं आहे त्याच्या हाती यातून काही लागत नाही.

जादा मीटर लावण्याची ही प्रथा रुजली ती मुख्यतः डॉज रॅममुळे. १९८९ च्या मॉडेलपासून डॉजनं आपल्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरांचं, टर्बो असलेलं डिझेल इंजिन घातलं. कमिन्स हे नाव मराठी वाचकाला अनोळखी नाही. १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली, कर्वेनगरच्या मुलींच्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही हेच नाव आहे आणि टाटाच्या ट्रकांत वर्षानुवर्षं धावलेलं ५.९ लिटरचं कमिन्स याच घराण्यातलं. मूळचं ट्रकाचं दणकट इंजिन पिकअपमध्ये आलं आणि लोकांच्या लक्षात आलं की याच्याकडून आणखी बरीच ताकद काढता येते. १९९४ पासून त्यावर बॉशचा पी-७१०० पंप आला. त्यातली फ्युएल प्लेट पुढे सरकवली किंवा बदलली की इंजिनाला जादा डिझेल मिळे. पुढे इलेक्ट्रॉनिक पंप आले तेव्हा हेच काम तारांमध्ये जोडायच्या छोट्या डब्या करू लागल्या. ताकद वाढली, आणि तिच्याबरोबर उष्णताही.

डिझेल इंजिनाचं मर्म इथं आहे. पेट्रोल इंजिनात इंधनाबरोबर हवाही मोजून आत सोडतात. जुन्या डिझेलमध्ये हवा जेवढी येईल तेवढी येते आणि ताकद ठरते ती फक्त डिझेल किती फवारलं यावर. हवेच्या मानानं डिझेल जास्त झालं की धूर काळा होतो आणि बाहेर पडणारा वायू तापत जातो. त्या वायूचं तापमान दाखवणाऱ्या मीटरला पायरोमीटर म्हणतात, बोलताना नुसतं 'ईजीटी'. एकच मीटर परवडत असेल तर हा घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

शुद्ध ॲल्युमिनिअम ६६० अंश सेल्सिअसला, म्हणजे १,२२० फॅरनहाइटला वितळतं. पिस्टन ॲल्युमिनिअमच्याच मिश्रधातूचे. तरी टर्बोच्या आधी मोजलेलं १,२५० ते १,३०० फॅरनहाइट हे तापमान चढावर सतत चालवण्याची वरची मर्यादा मानतात. पिस्टन तरीही टिकतो, कारण खालून त्याच्यावर तेलाची धार पडत असते आणि दर फेरीत ताजी हवा आत येऊन वरचा भाग निववते. म्हणून मीटर वाचताना आकड्याइतकाच वेळही महत्त्वाचा. ओव्हरटेक करताना पाच सेकंद १,३५० दिसणं आणि आठ मिनिटं चढावर १,३५० वर काटा टेकून राहणं, यांत इंजिनाच्या आयुष्याचा फरक आहे. चालकाच्या हाती उपाय दोन: पाय थोडा उचलायचा किंवा गिअर खाली टाकायचा. खालच्या गिअरमध्ये इंजिन जास्त फेरे घेतं, टर्बो जास्त हवा देतो, आणि तेवढंच काम थंड वायूवर होतं. इंजिन जास्त ओरडतं म्हणून नवखा चालक हे टाळतो. काटा खाली येताना पाहिला की त्याची भीती जाते.

पण काटा खरं तेव्हाच सांगेल, जेव्हा त्याचं टोक योग्य जागी असेल. आत असतं थर्मोकपल: दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या. जोड तापला की सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. झेबेक या शास्त्रज्ञानं १८२१ साली पाहिलेला परिणाम तो हाच. हे टोक टर्बोच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये बसवायचं की टर्बोनंतर पाइपात, यावर लोक खूप वाद घालतात. टर्बोनंतर बसवणं सोपं आणि तिथं टोक तुटलं तरी टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन आदळत नाही. पण टर्बाइन वायूतली ऊर्जा काढून घेते, त्यामुळे जोरात ओढताना तिथला आकडा दोनशे-तीनशे फॅरनहाइटनं कमी दिसतो, आणि हा फरक भारानुसार बदलतो. पिस्टनची काळजी असेल तर पिस्टनच्या जवळ मोजलं पाहिजे. माझं मत सरळ टर्बोच्या आधीच्या बाजूला आहे.

कमिन्सच्या मॅनिफोल्डला मध्ये पडदा आहे. पुढच्या तीन सिलिंडरांचा वायू एका वाटेनं टर्बोत जातो, मागच्या तिघांचा दुसऱ्या. टोक एका वाटेत बसवलं तर त्या तिघांचंच तापमान कळतं. बसवणारे बहुधा मागची वाट निवडतात.

मॅनिफोल्ड बिडाचा. त्याला भोक पाडून एक-अष्टमांश इंचाच्या पाइपाचे आटे पाडायचे. काम अर्ध्या तासाचं, पण मन लावून करण्याचं, कारण आत पडलेला बिडाचा चुरा थेट टर्बाइनकडे जातो. ड्रिलच्या टोकाला आणि टॅपला घट्ट ग्रीस चोपडायचं म्हणजे चुरा त्यालाच चिकटतो. आधी बारीक ड्रिल, मग मोठं. शेवटच्या वेळी भोक आरपार होताना हात हलका ठेवायचा. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, दर थोड्या वेळानं बाहेर काढून पुसायचा आणि नवं ग्रीस लावायचं. पाइपाचे आटे निमुळते असतात, म्हणून टॅप पूर्ण आत घालायचा नाही, नाहीतर फिटिंग सैल बसतं. शेवटी लवचीक दांड्याचं चुंबक आत फिरवायचं. काही जण याच वेळी क्षणभर इंजिन सुरू करून वायूच्या झोतानं उरलेला चुरा भोकातून बाहेर फेकून देतात. त्या वेळी डोळ्यांवर चष्मा हवा. वेळ असेल तर टर्बो उतरवून काम करावं, म्हणजे चुऱ्याची चिंताच नको. फिटिंगच्या आट्यांना उष्णता सोसणारं अँटी-सीझ लावावं. ते नसेल तर दोन वर्षांनी टोक बदलताना फिटिंग हलत नाही.

तारांचीही एक खुबी आहे. थर्मोकपलच्या तारा कमी पडल्या म्हणून मध्ये साधी तांब्याची तार जोडली की तिथं नवा जोड तयार होतो आणि आकडा चुकतो. त्याच धातूंची वाढीव तारच लागते. शिवाय अमेरिकी पद्धतीत के प्रकारच्या थर्मोकपलची लाल तार ऋण असते आणि पिवळी धन. गाडीच्या वायरिंगची सवय असलेला फिटर लालला धन समजून जोडतो, आणि इंजिन तापलं की काटा उलटा खाली जातो.

दुसरा मीटर बूस्टचा, म्हणजे टर्बो किती दाबानं हवा ढकलतो त्याचा. तो एकटा लावला तर शोभेचा. पायरोमीटरशेजारी लावला की त्याला अर्थ येतो. बूस्ट नेहमीइतकाच आहे आणि तापमान चढतंय, तर ओझं जास्त आहे किंवा उंचीवरची हवा विरळ आहे. बूस्ट नेहमीपेक्षा कमी आणि तापमान जास्त, तर इंटरकूलरच्या रबरी नळीला चीर गेली असण्याची दाट शक्यता. पहिल्या बाबतीत गिअर खाली टाकून पुढे जाता येतं, दुसऱ्यात कडेला थांबून बॉनेट उघडायचं. काटे जोडीनं वाचायचे असतात ते असे.

डॉजच्या १९९८ मध्यापासून २००२ पर्यंतच्या चोवीस व्हॉल्व्हच्या गाड्यांना तिसरा मीटर अत्यावश्यक आहे: डिझेलच्या दाबाचा. त्यांत बॉशचा व्हीपी-४४ पंप आहे. तो थंड राहतो आणि त्याला वंगण मिळतं ते त्यातून वाहणाऱ्या डिझेलमुळेच. टाकीकडून त्याला डिझेल पोचवणारा छोटा लिफ्ट पंप इंजिनावरच बसवलेला, आणि तो मरतो. मरतो तरी गाडी चालत राहते, कारण मोठा पंप स्वतःच ओढून घेतो, आणि उपाशी राहून हळूहळू खराब होतो. चालकाला कळतं तेव्हा महागडा पंप गेलेला असतो. गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना दहा पीएसआयच्या वर, जोरात ओढताना पाचाच्या खाली नाही, एवढं पाहत राहिलं तरी मोठा पंप वाचतो. मात्र डिझेलची नळी थेट केबिनमधल्या मीटरपर्यंत कधीही आणायची नाही. एकतर विद्युत सेन्सर लावावा किंवा मध्ये पडद्याचा आयसोलेटर घालून पुढे निराळा द्रव भरावा. पंपाच्या ठोक्यांनी सेन्सर लवकर मरतो, म्हणून त्याच्या आधी एक बारीक व्हॉल्व्ह लावून तो जेमतेम उघडा ठेवतात.

फोर्डच्या ६.० लिटर इंजिनाचं दुखणं वेगळं. तिथं तेलाचं तापमान आणि पाण्याचं तापमान यांतला फरक पाहायचा. गरम इंजिन सपाट रस्त्यावर एकाच वेगानं चालत असताना तो १५ फॅरनहाइटच्या वर जाऊ लागला तर ऑइल कूलर चोंदत चालला आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर त्याच्या तेलाचं तापमानही हवं. त्याचा सेन्सर तळाच्या पॅनमध्ये ठेवला तर संथ, सरासरी आकडा मिळतो. कूलरकडे जाणाऱ्या नळीत ठेवला तर टॉर्क कन्व्हर्टर तापला की काटा लगेच उसळतो. कूलरकडून परतणाऱ्या नळीत ठेवू नये, तिथं थंड झालेलं तेल दिसतं.

मीटर घेताना आकडेपट्टी आधी पाहावी. मूळ स्थितीतल्या इंजिनाचा बूस्ट वीसच्या आसपास जात असेल तर शंभरापर्यंतचा मीटर घेऊन काटा एका कोपऱ्यात वळवळत ठेवण्यात अर्थ नाही. पस्तीसचा पुरे. पायरोमीटर मात्र मोठ्या फेऱ्याचा, काटा पाऊण वर्तुळ फिरणारा घ्यावा. व्यास बहुधा दोन पूर्णांक एक-सोळांश इंच, म्हणजे ५२ मिलिमीटर. खांबावरचे डबे याच मापाचे मिळतात. यांत्रिक मीटर बूर्दोंच्या १८४९ च्या वाकड्या नळीवर चालतो आणि त्याला वीज लागते ती फक्त दिव्यापुरती. विद्युत मीटरचा सेन्सर मात्र त्याच मीटरच्या जोडीचा हवा. अमेरिकी सेन्सर २४० ते ३३ ओहमचे, युरोपीय १० ते १८० चे. यांची अदलाबदल केली की काटा उलटंसुलटं सांगू लागतो. इलिनॉयची ऑटो मीटर आणि ओरेगनची इस्प्रो ही या धंद्यातली जुनी नावं. दोघांकडे गाडीच्या मूळ डॅशबोर्डच्या रंगाशी जुळणारे चेहरे मिळतात. ही हौस नव्हे. रात्री एकच मीटर वेगळ्या रंगात चमकत असेल तर तो डोळ्यांना सतत खुपतो. म्हणून दिव्याची तार डॅशबोर्डच्या डिमरलाच जोडावी.

खांब ही जागा उत्तम, कारण रस्त्यावरची नजर फारशी न हलवता काटा दिसतो. पण खांबात पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर त्यावर काहीही बसवू नये. तिथं डॅशबोर्डवरचा डबा घ्यावा. जुन्या गाडीतही तारा इंजिनाकडून केबिनमध्ये आणताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवं, नाहीतर पत्र्याची कड दोन वर्षांत इन्सुलेशन कापते. डब्यात मीटर बसवताना रेसिंगवाल्यांची एक रीत आवर्जून पाळावी. मीटर फिरवून असा घट्ट करायचा की नेहमीच्या कामाच्या वेळी काटा सरळ वर, बाराकडे, राहील. मग आकडे वाचावे लागत नाहीत. सगळे काटे उभे असले की झालं.

गाडीच्या निदानासाठीच्या सॉकेटला जोडायचे छोटे पडदे आता हे सगळं एकाच जागी दाखवतात, आणि फोर्ड ६.० साठी तेच सर्वांत सोयीचे. त्यांची एकच मर्यादा आहे: कारखान्यानं जो सेन्सर बसवला तेवढंच ते सांगतात. २००७ पासूनच्या, सायलेन्सरच्या वाटेवर काजळीचा फिल्टर असलेल्या गाड्यांत वायूच्या तापमानाचे सेन्सर असतात, पण त्यातले बरेच टर्बोनंतर, फिल्टरच्या सोयीसाठी बसवलेले. जुन्या बारा व्हॉल्व्हच्या डॉजमध्ये तर असा सेन्सरच नाही, तिथं बिडाला भोक पाडावंच लागतं. कुठलाही मीटर लावला तरी पहिल्या आठवड्यात रिकामी गाडी, भरलेला ट्रेलर, थंड सकाळ, लांब चढ अशा वेळचे आकडे एका वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या वर्षी त्याच चढावर पायरोमीटरचा काटा ऐंशी अंश वर दिसला, तर शोध कुठून सुरू करायचा हे त्या वहीतल्या बूस्टच्या आकड्यावरून ठरतं.