सुई मासेरूत, दोरी वॉशिंग्टनात

डेनिमचा ताका चीनमधल्या किंवा तैवानमधल्या गिरणीतून निघतो आणि जहाजाने दरबानच्या बंदरात उतरतो. तिथून ट्रकवर चढतो, ड्रेकेन्सबर्गचा घाट ओलांडतो आणि लेसोथोची राजधानी मासेरूला पोचतो. थेत्साने नावाच्या औद्योगिक वसाहतीत बाया तो कापतात, शिवतात, धुतात, इस्त्री करतात. तयार जीन्स खोक्यांत भरली की खोकी त्याच घाटाने परत दरबानला जातात आणि तिथून अमेरिकेला. कापड आशियाचं, चेन आणि बटणं आशियाची, मालक तैवानी, गिऱ्हाईक अमेरिकन. लेसोथोचे फक्त हात. निव्वळ वाहतुकीचा हिशेब मांडला तर हा द्राविडी प्राणायाम कोणी शहाणा व्यापारी करणार नाही. तरीही तो पंचवीस वर्षं चालला, कारण अमेरिकी कस्टम्सच्या कोष्टकात सुती पॅंटवर 16.6 टक्के जकात आहे, कृत्रिम धाग्याच्या टी-शर्टवर 32 टक्के आहे, आणि लेसोथोत शिवलेल्या कपड्यांवर ती शून्य होती.

आफ्रिकेतल्या तयार कपड्यांच्या धंद्याबद्दल बोलताना लोक लगेच मजुरीवर येतात. स्वस्त मजूर मिळतात म्हणून कारखाने तिकडे गेले, असा सोपा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मजुरी स्वस्त असलेले देश जगात पुष्कळ आहेत. कारखाना नेमक्या कुठल्या देशात उभा राहतो आणि कधी उठतो, हे बहुतेक वेळा दूरच्या राजधानीत लिहिलेल्या कलमांनी ठरवलं आहे.

ही कलमं जुनी आहेत. 1974 पासून श्रीमंत देशांनी 'मल्टी-फायबर करार' नावाची व्यवस्था चालवली. कुठल्या देशातून किती शर्ट, किती पॅंट घ्यायच्या याचा कोटा देशागणिक ठरलेला असे. हाँगकाँगचा, तैवानचा, कोरियाचा कोटा भरला की तिथला कारखानदार नकाशा उघडून ज्या देशाचा कोटा रिकामा पडला आहे तो शोधायचा. बांगलादेशाचा कपड्याचा धंदा असाच वाढीला लागला आणि मॉरिशसचाही.

मॉरिशस मराठी वाचकाला परका नाही. एकोणिसाव्या शतकात करारावर ऊस तोडायला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तिथे आहेत आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. पुढे नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी 1961 साली या बेटाबद्दल फार निराशेचं भाकीत केलं होतं: माणसं वाढताहेत, ऊस सोडून काही नाही, पुढे कठीण आहे. 1970 साली मॉरिशसने निर्यात-क्षेत्राचा कायदा केला. हाँगकाँगचे कारखानदार आले. युरोपशी झालेल्या लोमे करारामुळे 1975 पासून तिथला माल युरोपात जकातीशिवाय जाऊ लागला. काही वर्षांत, ज्या बेटावर मेंढपाळी औषधालाही नाही ते बेट लोकरी स्वेटरांच्या निर्यातीत जगातल्या पहिल्या काही देशांत जाऊन बसलं.

मला मॉरिशसची कथा महत्त्वाची वाटते ती त्यापुढच्या भागासाठी. साखरेत पैसा कमावलेल्या स्थानिक घराण्यांनी तो पैसा कपड्यात घातला. त्यामुळे कोटा गेल्यावर हाँगकाँगवाले निघून गेले, हजारोंनी नोकऱ्या गेल्या, तरी धंदा पुरता बुडाला नाही. सिएलसारखे मॉरिशसचे उद्योगसमूह मादागास्करमध्ये गेले, भारतात आले, बांगलादेशातही गेले. कारखाना बाहेर गेला, पण ऑर्डर, डिझाइन आणि नफा यांची सूत्रं बेटावरच राहिली.

लेसोथोत असं कोणी नव्हतं. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला हा डोंगराळ देश आहे, लोकसंख्या जेमतेम तेवीस लाख. इथले पुरुष पिढ्यान्पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत जात. 1990 च्या आसपास लाखाहून अधिक बासोथो, म्हणजे लेसोथोचे लोक, खाणीत होते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत खाणींनी माणसं कमी करत आणली आणि घरोघरचा मनीऑर्डरचा पैसा आटला. त्याच सुमारास तैवानी कारखानदारांनी मासेरूत आणि मापुत्सोए या गावात शेड भाड्याने घेतल्या. घराचा कर्ता बदलला. खाणीतून परतलेला नवरा घरी आणि पहाटे अंधारात थेत्सानेच्या वाटेला लागलेली बायको, हे चित्र रोजचं झालं. या कारखान्यांत बायांचं प्रमाण प्रचंड आहे.

18 मे 2000 रोजी बिल क्लिंटन यांनी 'आफ्रिकन ग्रोथ अँड ऑपॉर्च्युनिटी अ‍ॅक्ट' या कायद्यावर सही केली. सगळे त्याला 'अगोवा' म्हणतात. त्यातलं खरं कलम कापडाचं होतं. एरवी अमेरिकेचा आग्रह असा की जकात माफ हवी तर सूत आणि कापडही आफ्रिकेचं किंवा अमेरिकेचंच हवं. गरीब देशांना मात्र कापड कुठूनही आणायची मुभा दिली. लेसोथोचा धंदा या एका कलमावर उभा राहिला. चार वर्षांत कपड्याच्या कारखान्यांतले कामगार पन्नास हजारांवर गेले आणि हे कारखाने देशातले सर्वांत मोठे खासगी रोजगारदाते झाले.

पण कलमाला मुदत होती. आधी सप्टेंबर 2004, मग 2007, मग 2012, मग 2015 आणि मग सप्टेंबर 2025. दर वेळी मुदत संपत आली की अमेरिकी बायर ऑर्डरी आखडायचे, आफ्रिकी राजदूत वॉशिंग्टनमध्ये खेपा घालायचे आणि कधी कधी अगदी शेवटच्या क्षणी मुदतवाढ व्हायची. याचा उलटा परिणाम बघण्यासारखा आहे. सवलत 2004 मध्ये संपणार असं धरून निएन शिंग या तैवानी कंपनीने मासेरूत डेनिमची मोठी गिरणी उभी केली, म्हणजे कापडही आफ्रिकेतलंच झालं असतं. सवलत मात्र वाढली. आयात कापड चालतंय म्हटल्यावर दुसऱ्या कोणी गिरणी काढली नाही. गिरणीचं भांडवल फिटायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि तीन-पाच वर्षांच्या मुदतवाढीवर ती कोण बांधणार? शिलाईमशीनचं तसं नाही. ती कंटेनरमध्ये भरून महिनाभरात दुसऱ्या देशात लावता येतात.

आणि ती गेलीही. मल्टी-फायबर कराराचे कोटे 1995 पासून दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने उठवायचे ठरले होते. श्रीमंत देशांनी सोपं आधी उठवलं आणि जवळजवळ निम्मा व्यापार, 49 टक्के, शेवटच्या दिवसासाठी ठेवला. 1 जानेवारी 2005 ला तो एकदम मोकळा झाला. चीन डिसेंबर 2001 मध्येच जागतिक व्यापार संघटनेत आला होता आणि त्याची तयारी पूर्ण होती. त्या नाताळच्या सुट्टीनंतर मासेरूतले कामगार परत आले तेव्हा सहा कारखान्यांची फाटकं बंद होती. मालक सुट्टीतच निघून गेले होते. सहा हजारांहून अधिक लोकांची नोकरी गेली. चिनी मालाचा लोंढा इतका होता की त्या उन्हाळ्यात युरोपच्या बंदरांत चिनी स्वेटर आणि ब्रा अडकून पडल्या आणि अमेरिका-युरोपने चीनवर काही वर्षांसाठी पुन्हा मर्यादा घातल्या. त्यामुळे आफ्रिकेला थोडी उसंत मिळाली, इतकंच.

आशियाची ताकद फक्त मजुरीत नाही. ग्वांगडोंगमध्ये किंवा ढाक्याच्या परिसरात कारखान्याच्या आसपास धागा, बटण, लेबल, रंगाई, मशीनचा मिस्त्री सगळं हाताशी मिळतं. मासेरूत चेन कमी पडली तर ती समुद्रातून यायची वाट बघावी लागते. फॅशनच्या धंद्यात चार आठवडे उशीर म्हणजे ऑर्डर दुसरीकडे.

कारखान्यातलं जगणं काही सुखाचं नव्हतं. लेसोथोत एचआयव्हीचं प्रमाण जगातल्या सर्वाधिकांपैकी एक आहे आणि कामगार बायांत ते आणखी जास्त होतं. 2006 पासून 'अलाफा' नावाच्या उपक्रमाने कारखान्याच्या आवारातच तपासणी आणि औषधं द्यायला सुरुवात केली. हे खरोखर मोठं काम होतं. 2019 मध्ये निएन शिंगच्या तीन कारखान्यांतल्या लैंगिक छळाचा अहवाल अमेरिकेतल्या कामगार-हक्क संस्थेने प्रसिद्ध केला: नोकरी टिकवायची, कायम व्हायचं, तर सुपरवायझरची मर्जी सांभाळावी लागत होती. लीव्हायससारख्या ब्रँडांना, कंपनीला आणि स्थानिक संघटनांना बांधून घेणारा करार त्यानंतर झाला. असे करार जगात विरळाच. अशाच कारखान्यांची फाटकं बंद झाली तेव्हा रडल्या त्याही याच बाया, हे विसरून चालत नाही.

स्वस्त मजुरीचा सिद्धांत सर्वांत स्वच्छपणे तपासायचा असेल तर इथिओपियाला जावं. 2016 मध्ये तिथे हवासा इथे चिनी कंपनीने बांधलेलं भलं मोठं औद्योगिक संकुल सुरू झालं. कॅल्विन क्लाइन आणि टॉमी हिलफिगरची मालक पीव्हीएच कंपनी आली. आपल्या रेमंडनेही तिथे सूट शिवायचा कारखाना काढला. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या 2019 च्या अहवालानुसार मूळ पगार महिना 26 डॉलर, म्हणजे कपड्याच्या धंद्यात जगात सर्वांत कमी. तरी बाया टिकत नव्हत्या, कारण तेवढ्यात खोलीचं भाडंही भागत नव्हतं. मग देशाच्या टिग्रे प्रांतात युद्ध पेटलं. अमेरिकेने 1 जानेवारी 2022 पासून इथिओपियाची अगोवा सवलत काढून घेतली आणि पीव्हीएचने आपला कारखाना बंद केला. युद्ध सरकारने आणि बंडखोरांनी केलं, शिक्षा शिलाईवालीला झाली. मादागास्करमध्येही 2009 च्या सत्तांतरानंतर हेच घडलं. सवलत 2010 मध्ये गेली आणि 2014 मध्ये परत आली. मधल्या चार वर्षांत त्या कामगारांनी काय खावं याची तरतूद कुठल्याही कलमात नव्हती.

रवांडाची गोष्ट आणखी बोलकी आहे. अमेरिका-युरोपात टाकून दिलेले कपडे गाठी बांधून आफ्रिकेत येतात. पूर्व आफ्रिकेत त्याला मिटुम्बा म्हणतात आणि नैरोबीचा गिकोम्बा बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहे. या धंद्याचा एक फाटा आपल्या कांडल्यातून जातो. तिथल्या विशेष आर्थिक क्षेत्रात पाश्चात्त्य देशांतले जुने कपडे निवडून, प्रतवारी लावून पुन्हा आफ्रिकेला पाठवतात. देशी शिलाईला वाव मिळावा म्हणून रवांडाने 2016 मध्ये जुन्या कपड्यांवरची जकात किलोला 20 सेंटवरून अडीच डॉलर केली. अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली. केनिया, टांझानिया, युगांडा यांनी पाय मागे घेतला, रवांडाने घेतला नाही, आणि जुलै 2018 अखेर त्याच्या कपड्यांची अगोवा सवलत थांबवण्यात आली. आपले जुने कपडे घ्या, नाहीतर तुमचे नवे घेणार नाही, असा हा सरळ व्यवहार.

पश्चिम आफ्रिकेचं दुखणं वेगळं आहे. तिथे निर्यात नव्हे तर घरचा बाजारच गेला. नायजेरियातलं कडूना हे गिरण्यांचं शहर होतं. 1957 मध्ये तिथे मोठी गिरणी निघाली, मागोमाग इतर आल्या. वीज नाही, भट्टीला तेल महाग, आणि बाजारात चोरून आलेलं चिनी छापील कापड. 2007 मध्ये तिथली युनायटेड नायजेरियन टेक्स्टाइल्स बंद पडली. गिरणगाव पाहिलेल्या वाचकाला याहून जास्त सांगायला नको.

आता 2025 कडे येऊ. 2 एप्रिल, बुधवारी, ट्रम्प यांनी देशोदेशीच्या नव्या जकातींचा तक्ता दाखवला. लेसोथोपुढे आकडा होता 50 टक्के, सगळ्यांत वरचा. महिनाभरापूर्वीच त्यांनी अमेरिकी संसदेतल्या भाषणात, कोणी नावही ऐकलं नाही असा देश, म्हणून लेसोथोचा उल्लेख केला होता. हा 50 आला कुठून? 2024 मध्ये अमेरिकेने लेसोथोकडून सुमारे 23.7 कोटी डॉलरचा माल घेतला, त्यात मुख्यतः कपडे आणि हिरे. लेसोथोने अमेरिकेकडून घेतला सुमारे 28 लाखांचा. दोन्हींतला फरक आयातीने भागला की 99 टक्के येतात आणि त्याचे निम्मे केले की 50. लेसोथो आपली खरेदी मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतून करतो, ही साधी गोष्ट सूत्रात बसत नव्हती. ज्या सवलतीने अमेरिकेने त्याला निर्यात करायला शिकवलं, त्याच निर्यातीचा गुन्हा झाला.

ऑगस्टमध्ये दर 15 टक्क्यांवर आला, पण तोवर ऑर्डरी रद्द झाल्या होत्या आणि जुलैमध्ये सरकारने बेकारीच्या कारणावरून राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली होती. 30 सप्टेंबर 2025 ला अगोवाची मुदत संपली, तेव्हा नवा कायदा झालेला नव्हता. म्हणजे त्यानंतर मासेरूच्या जीन्सवर जुने 16.6 आणि नवे 15, मिळून एकतीस टक्क्यांहून अधिक जकात झाली. गंमत अशी की त्याच काळात भारतावर 50 टक्के होते आणि इथिओपियावर 10. बंगळुरूच्या गोकलदास एक्सपोर्ट्सने 2024 मध्येच केनिया आणि इथिओपियात कारखाने असलेली अ‍ॅट्राको कंपनी घेतली होती, आणि रेमंडचं हवासा होतंच. पन्नास वर्षांपूर्वी हाँगकाँगच्या कारखानदाराने जो नकाशा उघडला होता, तो आता आपले निर्यातदार उघडतात. आफ्रिकेतल्या बाईसाठी मालक बदलला, नियमाचं स्वरूप नाही.

यावर उपाय म्हणून आफ्रिकेच्या खंडव्यापी मुक्त व्यापार कराराचं नाव घेतलं जातं. 1 जानेवारी 2021 पासून तो सुरू झाला खरा, पण सर्वांत रेंगाळला तो कपड्यांचाच मुद्दा: आयात कापडाचा शर्ट आफ्रिकी मानायचा की सूतही इथलंच हवं? गिरण्या असलेले देश एका बाजूला, नुसती शिलाई करणारे दुसऱ्या. चीनने जून 2025 मध्ये आफ्रिकी देशांच्या मालावर शून्य जकातीची घोषणा केली, पण कपडे घेऊन चीनच्या बाजारात उतरणं ही लेसोथोच्या आवाक्यातली गोष्ट दिसत नाही.

मला त्यातल्या त्यात भरवशाचा वाटतो तो जवळचा रस्ता. लेसोथोतल्या कारखान्यांचा एक मोठा हिस्सा आता दक्षिण आफ्रिकेच्या दुकानांसाठी शिवतो. ऑर्डरी लहान असतात, शर्टांच्या तऱ्हा सतत बदलतात, भाव अमेरिकेइतका मिळत नाही आणि पगारही तुटपुंजाच असतो. पण माल सकाळी निघाला की ट्रकने फार तर दुसऱ्या दिवशी पोचतो. दोन्ही देश ज्या सीमाशुल्क संघात आहेत तो 1910 पासून चालू आहे, आणि त्याला दर काही वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये मुदतवाढ मागावी लागत नाही.