लग्नाच्या जुन्या कॅसेटमध्ये चित्र मध्येच थिजतंय? फेकून देऊ नका, आधी हे तपासा

पंधरा-वीस वर्षांपूर्वी तालुक्यातल्या काही फोटोग्राफर मंडळींकडे टेपवर एचडी शूटिंग करणारे कॅमेरे होते. या पद्धतीला एचडीव्ही म्हणतात, ती २००३ साली आली. कॅसेट मात्र जुनीच, छोटी मिनी डीव्ही. आता त्या कॅसेट पेनड्राइव्हवर घ्यायला गेलं की ऐन अक्षता पडताना चित्र थिजतं, आवाज जातो, अर्ध्या सेकंदाने गाडी पुन्हा सुरू. यालाच ड्रॉपआउट म्हणतात. घरातलं गेलेलं माणूस त्याच कॅसेटमध्ये चालतं-बोलतं असेल, तर तो अर्धा सेकंदही जिवाला लागतो.

असं का होतं? साध्या डीव्हीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे धुळीचा कण आला तर चित्रात चार चौकटी दिसतात आणि विषय संपतो. एचडीव्हीत आपल्याकडे बारा-बारा फ्रेमचा गट असतो. गटातली पहिली फ्रेम पूर्ण, बाकीच्या तिच्या आधारावर. पहिलीच वाचता आली नाही की अख्खा गट गेला. सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे हिशेब जवळपास अर्ध्या सेकंदाचा.

दोष कुठे आहे ते असं ओळखा. तोच भाग दोन-तीनदा चालवून बघा. दरवेळी वेगळ्या जागी अडकत असेल तर बहुतेक कॅमेऱ्याचं हेड मळलंय. कोरडी क्लीनिंग कॅसेट तिच्यावर लिहिलंय तेवढेच सेकंद चालवायची, रिवाइंड करून पुन्हा वापरायची नाही. कान साफ करायची कापसाची काडी हेडला अजिबात लावू नका, हेड नाजूक असतं, कायमचं जातं.

त्याच जागी अडकत असेल तर दुसऱ्या कॅमेऱ्यात घाला. शक्यतो ज्यावर शूटिंग झालं तोच मिळवा, कारण हेडची ठेवण थोडी इकडेतिकडे झालेली असली तर टेप त्याच कॅमेऱ्यात नीट वाचली जाते. तिथेही तेच झालं तर शूटिंगच्या वेळीच नोंद बिघडली, किंवा टेप नंतर खराब झाली. तेवढा तुकडा गेला असं समजा.

टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅमेऱ्यात घालूच नका, हेड खराब होऊन पुढच्या कॅसेटही अडकतील. पावसाळ्यात कॅमेऱ्यात दव धरतं, तसा इशारा आला तर तासभर थांबा. आणि कॅप्चर दोनदा करून घ्या. एका वेळी थिजलेला भाग दुसऱ्या वेळी नीट उतरला, तर दोन्हींतले चांगले तुकडे जोडता येतात.