आधी स्वतःला, शेवटी वैऱ्याला

लेण्याद्रीच्या जवळपास ३०० पायऱ्या चढून आपण ज्या मंडपात गिरिजात्मज गणपतीला हात जोडतो, तो मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार. एकही खांब नसलेलं दालन आणि कडेने कोरलेल्या २० खोल्या. बौद्ध परंपरेत मैत्रीभावनेचा, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याच्या ध्यानाचा, क्रम ठरलेला आहे. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथात तो सापडतो : आधी स्वतः, मग प्रिय माणूस, मग तटस्थ, सगळ्यांत शेवटी वैरी. आपण थेट वैऱ्यापासून सुरुवात करतो, म्हणून क्षमा जमत नाही.

समजा, सख्ख्या भावाने बांध कोरला आणि दहा वर्षं बोलणं बंद आहे. पाच मिनिटं शांत बसा, नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास पाहा. भाऊ आठवेल, दात आवळले जातील. आठवण ढकलू नका, भांडणाची उजळणीही करू नका. ‘राग आलाय’ एवढं मनाशी म्हणा आणि श्वासाकडे परत या. उजळणी केली की शरीर पुन्हा त्या बांधावर जाऊन उभं राहतं. नुसतं पाहिलं की राग हळूहळू ओसरतो.

रागाखाली पुष्कळदा स्वतःवरचा ठपका असतो : ‘तेव्हाच मोजणी का नाही आणली?’ मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वतःवरच्या करुणेचे तीन भाग मांडले : दुःखाची शांत जाणीव, चुका सगळ्यांच्याच होतात ही समज आणि स्वतःशी मायेचं बोलणं. छातीवर हात ठेवून, जिवलग मित्राची समजूत घालाल तशी स्वतःची घाला.

मग प्रिय माणसाचं, मग एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचं भलं होवो, असं म्हणा. भाऊ त्यानंतर. ‘तो सुखी होवो’ म्हणवत नसेल, तर ‘माझ्या मनातलं वैर निवो’ एवढंच म्हणा.

क्षमा केली म्हणून हक्क सोडायचा नसतो. मोजणी जरूर मागवा. छळ होत असेल तर आधी सुरक्षित व्हा. जुनी जखम फारच उसळली, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.

लेण्याद्रीच्याच जुन्नर तालुक्यात आळ्याला ज्यांच्या रेड्याची समाधी आहे, त्या ज्ञानेश्वरांनीही अपमान सोसवेना तेव्हा झोपडीची ताटी, म्हणजे दार, लावून घेतली होती. ती उघडावी म्हणून धाकट्या बहिणीने, मुक्ताईने विनवलं, असं परंपरा सांगते. तुमचीही ताटी लागली असेल, तर लाजू नका. आज पाच मिनिटं बसा आणि ती आधी स्वतःसाठी उघडा.