ग्रुपचा अभ्यासगट होतो तेव्हा

मार्च उजाडला की गडचिरोलीतल्या कितीतरी गावांत पहाटेच घरं ओस पडतात. मोहाची फुलं रात्री उमलतात आणि दिवस उगवायच्या आत गळू लागतात. ऊन चढण्याआधी, गुरं आणि हरणं पोचण्याआधी ती वेचून टोपलीत भरावी लागतात. आईबापांसोबत मुलंही जातात. त्या दिवसांत हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरी लागते. पण ती मुलं ज्या झाडाखाली वाकलेली असतात, तिथे परागीभवनाचा अख्खा धडा नुकताच घडून गेलेला असतो. रात्रभर वटवाघळं फुलांवर येऊन गेलेली असतात.

शाळेत गुरुजींच्या हातात फोन आहे, मोहाखाली बापाच्या खिशातही फोन आहे. या दोन फोनांमधून तो धडा वर्गापर्यंत पोचेल का? पोचेल, असं मला ठामपणे वाटतं. त्यासाठी व्हॉट्सॲपचा ग्रुप मुलांनी बोलायची जागा व्हायला हवा. आज तो बहुतेक ठिकाणी सूचनाफलक आहे.

ही नुसती इच्छा नव्हे. २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं, तेव्हा नकळत एक प्रचंड प्रयोग होऊन गेला. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला सुरू केली आणि रोजचे धडे व्हॉट्सॲपवरून फिरू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘स्वाध्याय’ उपक्रमातून दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर प्रश्नमंजूषा येऊ लागली. पण ग्रामीण भारतातल्या ‘असर २०२०’ पाहणीत दिसलं की, पाहणीआधीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही साहित्य मिळालेलं मूल साधारण तिघांत एकच होतं. ज्यांना मिळालं, त्यांच्यापैकी बहुतेकांना ते व्हॉट्सॲपवरून मिळालं होतं. रस्ता सापडला होता, पण त्यावरून पोचलेली मुलं थोडी होती.

पोचलेल्यांचं तरी काय झालं? याचं नेमकं उत्तर आफ्रिकेतल्या बोत्स्वानाने दिलं. तिथे त्याच काळात सुमारे साडेचार हजार कुटुंबांवर एक काटेकोर प्रयोग झाला. काही घरांना दर आठवड्याला गणिताची उदाहरणं फक्त एसएमएसने गेली. काही घरांना एसएमएससोबत शिक्षकाचा वीसेक मिनिटांचा फोनही गेला. काहींना यातलं काहीच मिळालं नाही. २०२२ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. नुसत्या एसएमएसने ठळक असा फरक पडला नव्हता. फोन आलेल्या घरातली मुलं मात्र गणितात स्पष्टपणे पुढे गेली होती. मजकूर तोच होता. फरक पडला तो पलीकडून कुणीतरी ‘तू कसं सोडवलंस, सांग बघू’ असं विचारल्यामुळे.

असं का होतं, ते स्मृतीच्या अभ्यासातून कळतं. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग काहींना तो पुन्हा वाचायला सांगितला, तर काहींना न बघता आठवेल तेवढं लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र पालटलं: न बघता आठवलेल्यांना ५६ टक्के भाग लक्षात होता, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. आठवण्याचे कष्ट घेतले की स्मृतीतली वाट रुळते. फॉरवर्ड झालेला व्हिडिओ कितीही सुंदर असला तरी तो पुन्हा वाचण्यासारखा आहे. ग्रुपवर मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेलं उत्तर हे आठवणं आहे. त्यावर गुरुजींनी नाव घेऊन दिलेला प्रतिसाद चूक तिथल्या तिथे दुरुस्त करतो.

गडचिरोलीला बोलत-विचारत शिकण्याची ही गोष्ट नवी वाटू नये. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा देशाला दिली आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्याचं नाव लागलं. गावचे नेते देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामातून ओळखल्या जाणाऱ्या या गावाचं खरं बळ त्याच्या अभ्यासगटात आहे. अभ्यासगटात कुणीही प्रश्न मांडावा, बाहेरच्या जाणकाराला बोलवावं, सगळ्यांनी मिळून उत्तर शोधावं. मधमाश्या न मारता मध कसा काढायचा, हाही त्या गावाच्या अभ्यासाचा विषय झाला. व्हॉट्सॲपच्या ग्रुपलाही मराठीत आपण गटच म्हणतो. त्याला अभ्यासगटाचा हा स्वभाव द्यायला हवा.

आता जंगलाची अडचण. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग वनाखाली आहे. मोबाइलच्या लहरी झाडीतून जाताना पानांतलं पाणी त्यांची ऊर्जा शोषतं, फांद्या त्यांना विखुरतात. वारंवारिता जितकी जास्त तितकी ही गळती मोठी, आणि पावसात भिजलेल्या पानांनी ती आणखी वाढते. म्हणूनच दुर्गम भागासाठी ७०० मेगाहर्ट्झसारखा खालचा पट्टा उपयोगी पडतो. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये फोरजी न पोचलेल्या सुमारे २५ हजार गावांसाठी जी योजना मंजूर केली, ती बीएसएनएल राबवतं आहे. तरीही पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दरवर्षीचं आहे.

अशा ठिकाणी थेट ऑनलाइन तास टिकत नाही, पण निरोप टिकतो. पाठवलेल्या मेसेजशेजारी आधी छोटं घड्याळ दिसतं, म्हणजे तो अजून फोनातच थांबला आहे. बाजाराच्या गावी रेंज मिळाली की घड्याळाची एक टिक होते, समोरच्याला पोचला की दोन. संध्याकाळी बोललेलं दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलं तरी शिकण्याचं काहीच बिघडत नाही. आवाज तर हलकाही असतो. आपल्या बोलण्यातला कळीचा भाग कंपनांच्या अरुंद पट्ट्यात मावतो. त्यामुळे एका मिनिटाचा व्हॉइस मेसेज शे-दोनशे किलोबाइटमध्ये बसतो, व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट जागा लागते.

आवाजाचं मोल इथे आणखी एका कारणाने मोठं आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मुलं घरी झाडीबोली, गोंडी, माडिया बोलतात. सिरोंच्याकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली ऐकू येते. दुसरीतलं मूल प्रमाण मराठीत टाइप करणार नाही, पण स्वतःच्या बोलीत मिनिटभर नक्की बोलेल. शेजारच्या छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘सीजीनेट स्वरा’ने हेच ओळखलं होतं. साध्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन आला की गोंडीत आपलं म्हणणं नोंदवायचं, इतरांनी ते फोनवरच ऐकायचं. स्मार्टफोन नसलेल्यांचं हे समाजमाध्यमच होतं. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे २९ लाखांहून जास्त लोक होते. त्यांच्या मुलांसाठी शाळेची भाषा बहुतेक वेळा परकीच असते.

आता मोहाकडे परत येऊ. समजा, गुरुजींनी संध्याकाळी ग्रुपवर आवाजात एवढंच विचारलं: “उद्या फुलं वेचाल तेव्हा एक फूल उघडून बघा. त्यात बी आहे का? नसेल, तर झाडाला फळ येतं कुठून?” दुसऱ्या दिवशी उत्तरं येतील. कुणी म्हणेल, आत पोकळ आहे. कुणाची आजी सांगेल, फळं तर पावसाच्या तोंडावर धरतात. मग गुरुजी उलगडून सांगतील. जमिनीवर पडतं ते अख्खं फूल नव्हे. ती मांसल, गोड पाकळ्यांची वाटी असते. बीजांड सांभाळणारा अंडाशय फांदीलाच राहतो आणि जूनपर्यंत त्याचं फळ होतं. वटवाघळं येतात ती या गोड वाटीसाठी, आणि जाताना तोंडाला लागलेले परागकण दुसऱ्या फुलावर नेतात. आठवड्याने पुस्तक न उघडता मुलांनी हेच पुन्हा सांगायचं, ज्याच्या त्याच्या बोलीत. मोहाला घरी काय म्हणतात, तो शब्दही फळ्यावर लिहायचा.

इथे काही पथ्यं मात्र कडक पाळायची आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीत पहाटेच्या मोहरानात वाघाच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत. म्हणून ग्रुपवरच्या अभ्यासासाठी कोणत्याही मुलाला जंगलात धाडायचं नाही. घरच्यांसोबत जे पाहणं होतंच, तेवढंच विचारायचं. व्हॉट्सॲपची वयोमर्यादा १३ वर्षं आहे आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ खालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. तेव्हा ग्रुप पालकांच्याच फोनवर हवा, मुलांचे फोटो नकोत. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांना तीन-चार मुलांच्या शेजारगटात जोडून घ्यायचं, म्हणजे एका फोनवर चौघं बोलतील. मुलींकडे विशेष लक्ष द्यायला हवं. ‘असर २०२३’ मध्ये स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयाच्या मुलग्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांचा स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हेच प्रमाण जेमतेम २० टक्के होतं. भावाच्या मर्जीवर बहिणीचा अभ्यास अडकता कामा नये.

हे जमवणारे शिक्षक याच मातीत आहेत. सिरोंचा तालुक्यातल्या आसरअल्लीचे खुर्शीद शेख यांना २०२१ मध्ये, एटापल्ली तालुक्यातल्या जाजावंडीचे मांतय्या बेडके यांना २०२४ मध्ये राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. दोघेही जिल्हा परिषदेच्या शाळेतले. अशा शिक्षकांचा फोन दिवसभर कार्यालयीन माहिती पाठवण्यात अडकू न देणं, मुलांचे व्हॉइस मेसेज ऐकण्याचा वेळ हा शिकवण्याचाच वेळ म्हणून धरणं, एवढं तरी व्यवस्थेने करावं.

मोहाचा हंगाम सरला की मुलं शाळेत परततील. त्या दिवशी फळ्यावर त्यांचेच प्रश्न, त्यांच्याच बोलीतले शब्द त्यांना दिसले पाहिजेत. गैरहजेरीच्या त्या दिवसांत ती शिकतच होती, आणि ते शाळेलाही ठाऊक आहे, हे त्यांना कळलं पाहिजे.