दहा अंशांवरची गाडी

डिसेंबरातली पहाट, संभाजीनगरात पारा १० अंशांवर. पहिल्या पाळीला वाळूजकडे निघालेल्या गाडीत गिअर अडखळत पडतो, स्टिअरिंग सुस्त वाटतं, लहानसा खड्डाही कंबरेला जाणवतो. छावणी ओलांडून ए. एस. क्लबच्या पुढे जाईपर्यंत तीच गाडी मोकळी होते! रात्रभरात तिच्यात असं काय झालं होतं?

टायरपासून सुरुवात करू. काल दुपारी ३० अंशांत तुम्ही ३३ पीएसआय हवा भरलीत. पंक्चर नाही, व्हॉल्व्ह गळत नाही, तरी पहाटे काटा ३० च्या आसपास दिसतो. हवा तेवढीच आहे, फक्त तिचे रेणू मंदावलेत आणि टायरच्या भिंतीवर हळू आदळतायत. दाब उतरला की टायरच्या बाजू जास्त दबतात आणि वळणाचा हुकूम रस्त्यापर्यंत उशिरा पोचतो.

आता खुद्द रबर. वाळूजमध्येच गुडइयरच्या कारखान्यात कारचे टायर बनतात. रबर म्हणजे हजारो अणूंच्या लांबलचक साखळ्यांचा गुंता. या साखळ्या सतत वळवळतात, डांबरातल्या खडीच्या बारीक खाचांत शिरतात, म्हणून गाडी रस्ता धरते. गारठ्यात त्यांची वळवळ मंदावते आणि रबर ताठरतं. युरोपात पारा साधारण ७ अंशांखाली जायला लागला, की लोक हिवाळी टायरच चढवतात.

शॉकअपचं काय? त्यात पिस्टन ऑइलमधून सरकतो आणि ते ऑइल बारीक छिद्रांतून वाट काढतं. ऑइल दाट झालं, की शॉकअप कडक.

आणि ऑइल दाट होतं तरी किती? थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजतं, तसं इंजिन ऑइल गोठत नाही. पण १०० अंशांवर ते जितकं पातळ असतं, त्याच्या सुमारे ३० पट दाट १० अंशांवर होतं! खरं तर ते याहूनही दाट झालं असतं. त्याला वाचवतात त्यात मिसळलेले लांब रेणू. थंडीत ते गुंडाळी करून पडून राहतात, उष्णता मिळाली की उलगडतात आणि तापलेल्या ऑइलला फार पातळ होऊ देत नाहीत, म्हणून मूळ ऑइल पातळच घेता येतं.

गिअर अडखळतो त्याचं कारणही हेच. गिअर पडण्याआधी सिंक्रो रिंग घासून दोन चाकांचे वेग जुळवते. त्यासाठी तिला मधला ऑइलचा थर पुसून काढावा लागतो आणि दाट थर लवकर हटत नाही. शिवाय गिअरबॉक्समध्ये इंजिनासारखा जाळ नाही, त्यामुळे तो सावकाश तापतो.

इंजिन मात्र चटकन तापतं, कारण थर्मोस्टॅट पाण्याला रेडिएटरकडे जाऊच देत नाही. त्याच्या पोटात काय असतं? चिमूटभर मेण! पाणी ८० अंशांच्या पुढे गेलं की मेण वितळतं, फुगतं, दांडा ढकलतं आणि वाट उघडते. वायर नाही, बॅटरी नाही, कॉम्प्युटर नाही.

रबर, ऑइल, मेण: तिन्हींच्या मुळाशी कार्बनच्या साखळ्याच. डिझेलमध्येही असं मेण असतं. कडाक्याच्या थंडीत ते गोठून फिल्टर तुंबवतं, म्हणून लडाखसाठी २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आलं.

आता कळेल, की गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन तापवत बसण्यात फारसा अर्थ का नाही. त्यानं ना टायर तापतात, ना शॉकअप, आणि गिअरबॉक्सलाही फार ऊब मिळत नाही. हळू निघा, पहिले काही किलोमीटर ब्रेक आणि वळण सांभाळून घ्या, हवा सकाळी गार टायरमध्येच तपासा.

मग पाहा या थंडीची देणगी. गार हवा दाट असते. मे महिन्यातल्या ४० अंशांच्या दुपारपेक्षा १० अंशांच्या पहाटे तेवढ्याच जागेत सुमारे १० टक्के जास्त ऑक्सिजन मावतो. तापलेल्या इंजिनाचा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलात, तर त्यात तेवढं जास्त इंधन जळू शकतं. वाळूज येईपर्यंत तुमची गाडी उन्हाळ्यातल्या तिच्यापेक्षा जास्त ताकदवान झालेली असते!