तलावात पोहणाऱ्यांनो, समुद्र वेगळा आहे

देवरी तालुक्यातले चिचगड छत्तीसगडच्या सीमेलगत, जंगलाच्या कुशीत वसलेले आहे. इथून समुद्र फार लांब. पाणी मात्र लांब नाही. गोंदिया-भंडारा हा तलावांचा मुलूख. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तलाव, नवेगावबांधचा अथांग जलाशय, गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण, शिवाय गावोगावच्या बोड्या. इथली पोरे बोडीतच पोहायला शिकतात, ढिवरांचे डोंगे पाहत मोठी होतात. त्यामुळे या भागातला माणूस पाण्याला सहसा भीत नाही. समुद्रावर गेल्यावर नेमकी हीच निर्भयता त्याला धोक्यात घालू शकते.

आता तर तो समुद्रावर जातोच. गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई गाठायची, गेटवेवरून लाँचने घारापुरी बेटावरची लेणी पाहायची, पुढे मुरुडचा जंजिरा किंवा मालवणचा सिंधुदुर्ग. चार पैसे गाठीशी असले तर सेल्युलर जेलचे दर्शन घ्यायला अंदमान. सहलीच्या खर्चाचा हिशेब घरोघरी होतो. सुरक्षेचा हिशेब मात्र बहुतेक घरांत होत नाही.

तलावाचे पाणी जागेवर असते. कुठे उतार आहे, कुठे गाळ आहे, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. समुद्राच्या तळाची वाळू रोज हलते आणि पाणी साधारण सहा तासांनी दिशा बदलते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते, तेव्हा भरती-ओहोटीतला फरक आणखी वाढतो. गुडघाभर पाण्यात उभे राहिले, तरी परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि टाचा खड्ड्यात जातात. पोहता न येणारा माणूस तिथेच तोल जाऊन पडतो.

पोहता येणाऱ्याला गाठतो तो रिप करंट. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी परत जायला वाट शोधते आणि वाळूच्या दांड्यांमधल्या एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत धावते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी गडद आणि शांत दिसते. अनोळखी पर्यटकाला नेमकी तीच जागा डुंबायला सुरक्षित वाटते. या प्रवाहाचा वेग कधीकधी सेकंदाला दोन मीटरच्याही वर जातो. त्याच्याविरुद्ध पोहून ऑलिंपिकमधला जलतरणपटूसुद्धा जिंकत नाही. प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, फक्त आत नेतो. बुडतो तो थकलेला, घाबरलेला माणूस. म्हणून अशा वेळी किनाऱ्याकडे हात मारू नयेत. अंग सैल सोडून तरंगावे, हात उंचावून मदत मागावी आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडावे.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१७ मध्ये, मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या सहलीतले ८ जण गेले. दोन्हीकडे हसतखेळत पाण्यात उतरलेला घोळका होता. एक ओढला गेला की दुसरा धरायला जातो, आणि मग सगळेच अडकतात. बुडणाऱ्याकडे दोर, रिकामा कॅन, ओढणी, जे हाती लागेल ते फेकावे. स्वतः उडी घेऊ नये.

बेटाच्या सहलीत आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे बोट.

२६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ ‘ॲक्वा मरीन’ ही पर्यटकांची बोट उलटली आणि २१ जण दगावले. बोटीत क्षमतेच्या जवळपास दुप्पट माणसे होती. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची चाचणी सुरू असलेली स्पीडबोट आदळली. १५ जणांचा जीव गेला. धडकेचा दोष प्रवाशांचा नव्हता, पण या बोटीवरही परवान्यापेक्षा जास्त माणसे होती आणि अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. दोन घटनांमध्ये जवळजवळ ११ वर्षांचे अंतर आहे. जादा गर्दीचे दुखणे तेच राहावे, ही संतापाची गोष्ट आहे.

जॅकेट बोटीत असणे आणि अंगात असणे यात जीवनमरणाचा फरक आहे. बाकाखाली कोंबलेले, दोऱ्या तुटलेले जॅकेट बोट कलंडल्यावर सापडत नाही. बसण्यापूर्वीच ते घालावे, सगळे पट्टे आवळावेत, मग कुणाला तरी ते खांद्यांजवळ धरून वर ओढायला सांगावे. ते कानांपर्यंत सरकले तर सैल आहे, पाण्यात निसटेल. लहान मुलाला मोठ्याचे जॅकेट चालत नाही.

अंदमानला जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० साली स्वराज द्वीपावर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, राधानगर किनाऱ्याजवळ एक अमेरिकन पर्यटक मगरीच्या हल्ल्यात दगावली. ‘इथे पोहू नका’ असा फलक दिसला तर त्यामागे कारण असते. हवामानही तिथे वेळापत्रक मानत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये वादळामुळे शेकडो पर्यटक त्याच बेटावर अडकले होते आणि नौदलाला त्यांना आणावे लागले. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवला, तर खवळलेल्या समुद्रात बोट सोडण्याचा हट्ट कुणाला करावा लागणार नाही.

केवळ पर्यटकांना शहाणपण शिकवून भागणार नाही. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षकांची व्यवस्था उभी केली. तिथे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला पट्टा पोहण्यासाठी असतो आणि लाल झेंडा दिसला की पाण्यात पाऊल टाकायचे नसते. ऑस्ट्रेलियात बाँडाय किनाऱ्यावर १९०७ पासून जीवरक्षकांचा क्लब आहे. ६ फेब्रुवारी १९३८ रोजी तिथे प्रचंड लाटांनी शेकडो लोकांना एका क्षणात आत ओढले. ५ जण दगावले, बाकीच्यांना बाहेर काढता आले, कारण जीवरक्षक हजर होते. कोकणातल्या कित्येक लहान किनाऱ्यांवर मात्र आजही ना झेंडा दिसतो, ना जीवरक्षक. पर्यटनाचा पैसा हवा असेल, तर ही सोय सरकारने आणि ग्रामपंचायतींनी केलीच पाहिजे. किनाऱ्यावरच्या कोळी पोरांइतके समुद्र ओळखणारे जीवरक्षक दुसरे कुठे मिळणार?

तोवर शाळा-महाविद्यालयांनी सहल ठरवतानाच दोन प्रश्न विचारावेत: त्या किनाऱ्यावर जीवरक्षक आहे का, आणि त्या दिवशी भरती-ओहोटी किती वाजता आहे? लाटांचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही संस्था रोज देते. समुद्रात संकट आले तर भारतीय तटरक्षक दलाचा मोफत क्रमांक १५५४ आहे. गाडीत बसण्यापूर्वीच तो प्रत्येकाने मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावा.